सतरा नंबरची ओळ

अण्णा गेल्याचं ग्रुपवर आलं तेव्हा पहाटेचे पाच वाजले असतील. अण्णा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कराडला असायचे, एसटीत कंडक्टर होते, आणि निवृत्त झाल्यावरही कुणी घरात शिरलं की "सरका पुढं, सरका" म्हणायचे. आम्ही तसेच निघालो. खंबाटकी उतरेपर्यंत उजाडलं, फोनला रेंज आली आणि अडकलेले मेसेज धडाधड पडायला लागले. जोडलेले हात, पणती, पांढरी फुलं, पुन्हा जोडलेले हात. त्यातच नागपूरच्या वहिनींचा मेसेज होता: "१७. उंबऱ्याबाहेर चपला तशाच राहिल्या, आणि तुम्ही अनवाणीच निघून गेलात. भावपूर्ण श्रद्धांजली." डोळ्यांत आधी भरला तो आकडा. वहिनींनी कुठल्यातरी यादीतून ओळ उचलली होती आणि घाईत तिचा क्रमांकही सोबत आला होता. असं होतं. दिवाळीच्या शुभेच्छांमध्येही होतं. मग मी ओळ वाचली, आणि परत एकदा वाचली. ती मी लिहिलेली होती.

नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो गाडी चालवत होता.

मी मराठी कंटेंट लिहिते. "म्हणजे नेमकं काय?" या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. खरं उत्तर असं, की लोक गूगलच्या शोधपेटीत काय टाइप करतात याची एक एक्सेल शीट असते. तिच्यात एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात महिन्याला किती लोक ते शोधतात, तिसऱ्यात त्या शब्दावर निकालांच्या पहिल्या पानात शिरणं किती अवघड. त्या शीटवरून पानं पाडायची. मराठी माणूस काय शोधतो हे त्या शीटइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा बारमाही. बाळाची नावं बारमाही. लग्नसराईत उखाणे, परीक्षेच्या तोंडावर "माझा आवडता पक्षी" निबंध, जूनमध्ये सातबारा. आणि "भावपूर्ण श्रद्धांजली संदेश मराठी", ज्याला हंगाम नाही. निम्मे लोक ते रोमन अक्षरांत टाइप करतात, वाटेल त्या स्पेलिंगने, आणि शेवटी "इन मराठी" जोडतात. तीही सगळी स्पेलिंगं पानात कुठे ना कुठे पेरायची.

ते पान मी लिहिलं त्या दिवशी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. कीबोर्डशेजारी कागदी डिशमध्ये अर्धा केक, त्याच्या क्रीमवर एसीची गार हवा. पहिल्या नंबरवरच्या पानात शंभर संदेश होते, म्हणून आमच्याकडे एकशे एक हवे होते. आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालतात तसा तो एक, श्रद्धांजलीच्या यादीला. पहिले सोळा मी डोळे मिटून लिहिले: आठवणींचा सुगंध, काळाचा घाला, ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो. आमचं ऑफिस एका जुन्या फ्लॅटमध्ये होतं आणि दाराशी चपला काढायची पद्धत होती. पाणी प्यायला उठले तेव्हा दारातल्या चपला दिसल्या, परत येऊन सतरावी ओळ लिहिली. लिहून झाल्यावर दोन मिनिटं तिच्याकडे बघत बसले होते, हे आठवतं. मग अठरावी.

तेव्हाचं आमचं मराठी वाचवत नाही. पान तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला लोक शोधतात तोच शब्दसमूह (आम्ही त्याला कीवर्ड म्हणतो) नेमका तसाच दिसायला हवा असायचा, तर त्याचा हिरवा दिवा लागणार. प्रत्यय लागला की त्याला ओळख पटायची नाही. मग आम्ही प्रत्ययच तोडायचो. "मित्रासाठी भावपूर्ण श्रद्धांजली संदेश मराठी पाठवताना कोणती काळजी घ्यावी?" असली वाक्यं मी बिनदिक्कत लिहिली आहेत. वर प्रस्तावना: "मित्रांनो, या लेखात आपण भावपूर्ण श्रद्धांजली संदेश मराठी पाहणार आहोत. चला तर मग!" ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला "चला तर मग" म्हणणारी बहुधा आमचीच भाषा असेल. शंभर शब्दांत दोनदा कीवर्ड, मधल्या उपशीर्षकांत एकदा, फोटोच्या वर्णनात एकदा. कुणी म्हणायचं दोन टक्के, कुणी तीन. हा टक्का ठरवला कुणी, हे कुणालाच माहीत नव्हतं; पण रेसिपीतल्या मिठाबद्दलही लोक इतक्या खात्रीने बोलत नाहीत.

गंमत अशी की गूगलची मूळ कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. १९९८ साली स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी ती मांडली. संशोधनाच्या जगात ज्या निबंधाचा दाखला इतर लोक वारंवार देतात तो वजनदार. तेच वेबपानांना लावायचं. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याच्या बाजूने मत टाकलं, आणि ज्याला स्वतःला भरपूर मतं आहेत त्याच्या मताला किंमत जास्त. पान स्वतःबद्दल काय म्हणतं याला फार महत्त्व द्यायचं नाही, चार लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात ते बघायचं. गावात सोयरीक जुळवताना हेच करतात. पण लोक तोवर लिंक आपखुशीने देत होते. ती मोजली जाते म्हटल्यावर तिचा बाजार भरला. ब्लॉगांखालच्या प्रतिक्रियांमध्ये औषधांच्या दुकानांच्या लिंका इतक्या पडायला लागल्या की २००५च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांनी मिळून "ही लिंक धरू नका" अशी खूण काढली. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवायचे तो काळ. २००६मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइटसुद्धा यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच पान दाखवल्याबद्दल काही दिवस निकालांतून गायब केली गेली होती. एवढ्या मोठ्या गाडीवाल्याला हे करावंसं वाटलं, तर आमची काय कथा.

दरम्यान गूगलचे एकामागून एक नियम येत होते. नोव्हेंबर २००३च्या बदलाला धंद्यातल्या लोकांनी "फ्लोरिडा" म्हटलं; नाताळच्या ऐन खरेदीच्या तोंडावर कित्येक छोटी दुकानं रातोरात दिसेनाशी झाली. फेब्रुवारी २०११मध्ये "पांडा". प्राण्याचं नाव वाटतं, पण ते नवनीत पांडा या गूगलमधल्या इंजिनिअरचं आडनाव. अमेरिकेतल्या जवळजवळ १२ टक्के शोधांचे निकाल त्याने हलवले, आणि स्वस्तात हजारोंनी लेख पाडणारे कारखाने त्यात सापडले. एप्रिल २०१२मध्ये "पेंग्विन" आला, विकतच्या लिंकांसाठी. त्यानंतरची पळापळ बघण्यासारखी होती. काल ज्यांना पैसे देऊन लिंक घेतली त्यांनाच आज "कृपया ती काढा" म्हणून पत्रं जात होती, आणि त्यांतले काही जण काढण्याचेही पैसे मागत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलला "या लिंका माझ्या समजू नका" असं कळवायची सोय करावी लागली. यातला एकही नियम मला अन्यायाचा वाटलेला नाही. उलट प्रत्येक वेळी वाटलं की बरोबर आहे, असंच पाहिजे. आणि प्रत्येक वेळी आठवड्याभरात आमच्याकडे त्या नियमाची चेकलिस्ट तयार असायची.

मराठीत आम्हाला बराच काळ मोकळं रान होतं, कारण मुळात पानंच कमी. जुनी पानं तर श्रीलिपी, शिवाजी असल्या फॉन्टांत अडकलेली. माणसाला दिसायचं मराठी आणि यंत्राला दिसायची इंग्रजी अक्षरांची खिचडी. जे युनिकोडमध्ये आलं ते वर चढलं, इतकं सोपं होतं. २०१९च्या शेवटी बर्ट नावाची भाषा समजण्याची पद्धत सत्तरेक भाषांत लागू झाली, त्यांत मराठीही होती. वाक्यातले बारके शब्द आणि त्यांचे एकमेकांशी संबंध ती धरू लागली. तोडलेले प्रत्यय हळूहळू परत जोडता आले. "श्रद्धांजलीचे संदेश" असं लिहिता आलं तेव्हा मला किती बरं वाटलं, हे घरी सांगून कुणाला कळलं नसतं.

२०२१चा एप्रिल मात्र मी विसरू शकत नाही. त्या पानाचा आलेख उभाच्या उभा चढत होता. सोमवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीनवर तो हिरवा चढ आला, वर बाण. ज्याची पाळी होती तो नेहमीच्या सुरात "शुभेच्छा स्टेडी, उखाणे डाउन, श्रद्धांजली..." इथपर्यंत आला आणि थांबला. कुणीतरी माइक बंद करायचा विसरलं होतं, त्याच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तो म्हणाला, "नेक्स्ट." त्या दिवसांत रात्री दोनला, तीनला लोक त्या पानावर यायचे. कोण असतील? दवाखान्याच्या जिन्यात बसलेले, अंत्यविधीला जाता न आलेले, परदेशातून फोन हातात धरून बसलेले. मी पानाची प्रस्तावना काढून टाकली. "चला तर मग"वाली. परवानगी कुणाची घेतली नाही. त्याचा क्रमवारीवर काही परिणाम झाला का, ते पाहिलंही नाही.

२०२२च्या ऑगस्टमध्ये "उपयुक्त मजकूर" नावाचा बदल आला, आणि डिसेंबरमध्ये गूगलने निकाल तपासणाऱ्या माणसांसाठीच्या मार्गदर्शिकेत अनुभवाची भर घातली. तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता आधीपासून होत्याच. आता लिहिणाऱ्याने ते स्वतः अनुभवलेलं असावं. खिचडीबद्दल लिहिणाऱ्याने खिचडी केलेली असावी. रास्तच. लगेच आमच्याकडे प्रत्येक लेखाखाली फोटोची चौकट आली: हसरा चेहरा, नाव, "या क्षेत्रात दहा वर्षांचा अनुभव". बाळाच्या नावांच्या यादीखाली लग्न न झालेल्या मुलाचा फोटो लागला. श्रद्धांजलीच्या पानाखाली काय लिहायचं यावर एक अख्खी मीटिंग झाली. माझा फोटो लावायचं ठरलं. अनुभव म्हणून काय घालायचं, ते शेवटपर्यंत कुणाला सुचलं नाही. "भाषा आणि साहित्याची आवड" टाकून मोकळे झालो. तोवर माझ्या जवळचं कुणी गेलेलं नव्हतं.

म्हणून त्या पहाटे गाडीत, ग्रुपवर माझ्याकडूनही दोन ओळी जायला हव्या होत्या तेव्हा, काय टाइप करू तेच कळेना. जे सुचायचं ते यादीतलं निघायचं. "अण्णा, तुम्ही..." आणि पुढे बोट उचललं की सोळा, बावीस, चाळीस नंबरच्या ओळी समोर उभ्या. शेवटी काहीच पाठवलं नाही. सातारा मागे टाकेपर्यंत सगळ्यांचे मेसेज झाले होते, माझाच नव्हता. कुणाच्या लक्षात आलं असेल असं नाही.

दहाव्याला आत्या माजघरात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या नातवाने तिला सगळे मेसेज वाचून दाखवले होते. मला जवळ बोलावून म्हणाली, "नागपूरच्या सूनबाईनं काय नेमकं लिहिलंय गं. ह्यांची पायताणं बघ अजून दारातच हायेत. कुणाला हलवूच दिली नाहीत मी." अण्णांची पायताणं कापशीची, चालताना करकर वाजणारी, ते कोपऱ्यावर आले की घरात कळायचं. मी दाराकडे पाहिलं. एका पायताणाचा अंगठा झिजून काळा झाला होता. नातवाने तो आकडा वाचला होता की गाळला, ते मी विचारलं नाही. आत्याला सांगावं का, की ती ओळ माझी आहे? सांगून काय झालं असतं? वहिनींचं दुःख खोटं ठरलं असतं आणि माझं खरं ठरलं नसतं. वहिनींनी शंभर ओळींतून हीच निवडली, कारण त्यांनाही ती पायताणं माहीत होती. निवडणं हेही लिहिण्याइतकंच असतं, असं मला त्या वेळी वाटलं. अजूनही बऱ्यापैकी तसंच वाटतं. तरी थोडं खुपलंच.

पुण्याला आल्यावर मी ती ओळ शोधून पाहिली. आमचं पान सापडलं नाही, सापडणारही नव्हतं. २०२३च्या सप्टेंबरातल्या बदलानंतर आमच्या याद्या घसरल्या होत्या, आणि मार्च २०२४मध्ये निकालांतला निकस मजकूर चाळीसेक टक्क्यांनी कमी करायचं गूगलने जाहीर केलं तेव्हा आम्ही छाटणी केली. शीटमध्ये प्रत्येक पानापुढे "ठेवा", "दुरुस्त करा", "काढा" असे पर्याय होते. श्रद्धांजलीच्या पानापुढे "काढा" मीच निवडलं. पण ओळ जिथे तिथे होती. कुठे सूर्यास्ताच्या चित्रावर, कुठे एका व्हिडिओत बासरीच्या सुरावर, आणि तीनचार साइटींवर तर आमची अख्खी यादी त्याच क्रमाने, सतरा नंबरला तीच. एकीने "अनवाणी" ऐवजी "आनवाणी" केलं होतं. मूळ पान उडालं आणि नकला राहिल्या. त्या नकलांमधूनच ती कराडच्या माजघरापर्यंत गेली. यंत्र यातलं काय मोजणार? २०२३मध्ये अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलच्या पांडू नायक यांनी साक्ष दिली, तीतून कळलं की तेरा महिन्यांतले लोकांचे क्लिक ध्यानात ठेवणारी एक यंत्रणा क्रमवारीत मोठं काम करते. तोवर आम्ही वर्षानुवर्षं त्याचा नुसता अंदाज बांधत होतो. कुणी आलं, थांबलं, परत मागे जाऊन दुसरं पान उघडलं नाही, म्हणजे त्याचं समाधान झालं, असं धरतात. रात्री तीनला ओळ कॉपी करून फोन बंद करणारा माणूस आकडेवारीत समाधानी ग्राहक.

आता तर पानावर यायचीही गरज उरली नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये भारतात एआयने जुळवलेली उत्तरं निकालांच्या डोक्यावर आली, आधी इंग्रजीत आणि हिंदीत. माझा भाचा तर शोधतही नाही. मित्राचे वडील गेले तेव्हा त्याने चॅटबॉटला सांगितलं, "कडक वाटू नये, फार रडकंही नको." आलेलं मराठी चांगलं होतं. आमच्या २०१५च्या मराठीपेक्षा तर कितीतरी. मी त्यात माझी ओळ शोधली. नव्हती, पण एका वाक्यात उंबरा होता. आता तो कुठून आला असेल, देव जाणे.

आमच्या धंद्यात सध्या घबराट आहे, आणि घबराट आली की सेमिनार येतात. मागच्या महिन्यात बाणेरच्या एका हॉटेलात असाच एक झाला. हॉलमध्ये रूम फ्रेशनर आणि सांबाराचा मिश्र वास, गळ्यात अडकवायची कार्डं, पुढच्या दोन रांगा रिकाम्या. वक्ते मला ओळखीचे होते. कीवर्डचा टक्का मी त्यांच्याकडूनच शिकले होते. आता ते उत्तरयंत्रांना आपला मजकूर आवडावा म्हणून काय करायचं ते शिकवतात. केस पिकलेत, आवाज तोच. तासाभराने त्यांनी ठळक अक्षरांतली स्लाइड लावली: "मशीनसाठी लिहू नका. माणसांसाठी लिहा." पांडा आला तेव्हाही हीच होती, रंग तेवढा बदललाय. माझ्या शेजारी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली एक मुलगी होती, अक्षर सुरेख, वहीत समास आखलेला. तिने हात वर केला.

"सर, माणसांसाठी म्हणजे साधारण किती शब्द?"

मागे दोघंतिघं हसले. सर हसले नाहीत. "बाराशे ते पंधराशे," ते म्हणाले. "आणि मुख्य उत्तर पहिल्या साठ शब्दांत."

तिने लिहून घेतलं. मीही घेतलं.